जुनी पेट्रोल जीप स्टार्ट घेत नसेल तर : ठिणगीचा दोष कसा शोधावा



आपल्याकडे कितीतरी वाड्यावस्त्यांवर अजून जुनी पेट्रोल जीप आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईला विलीज कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात झाली, आणि महिंद्रची ती उंच बोनेटची सीजे-थ्री-बी पुढे पुष्कळ वर्षे निघत राहिली. आता ती नवीन मिळत नाही. पण आजोबांनी घेतलेली गाडी नातू चालवतो आहे, असे गावोगाव दिसते. अशी गाडी पहाटे तीनला टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघते आणि मध्येच ओढ्यापाशी बंद पडते. माल लिलावाला उशिरा पोचला तर भाव गेलेला असतो. कधी तर गाडीत माल नसतो, दवाखान्याला न्यायचे माणूस असते.

अशा वेळी गाडीला नेमके काय झाले हे न पाहता एकेक वस्तू बदलत सुटायचे, ही आपल्याकडची मोठी खोड आहे. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग बॅटरी. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. खरे तर जुन्या गाडीची ठिणगीची यंत्रणा इतकी साधी आहे, की पंधरा-वीस मिनिटांत दोष कोठे आहे ते कळू शकते. त्याला एक छोटा दिवा, एक पेचकस आणि थोडा धीर एवढेच लागते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ही माहिती जुन्या, पॉइंटवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांची आहे. म्हणजे पेट्रोल जीप, जुनी अँबॅसिडर, फियाट वगैरे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. आणि नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन असते, तिथे वायरी उपटून ठिणगी पाहण्याचा प्रयोग करू नये. त्यात महागडे भाग जळतात, आणि बसणारा झटकाही फार जोराचा असतो.

आता ठिणगी पडते कशी ते बघा. विहिरीवरची मोटार चालू असताना पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइप दणका देतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. वाहते पाणी एकदम अडवले की दाब उसळतो. कॉइलमध्ये तसेच घडते. बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट कॉइलच्या जाड वेढ्यांतून वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरच्या डब्यातले पॉइंट उघडले की तो करंट एकदम तुटतो, आणि कॉइलच्या बारीक वेढ्यांत दहा ते वीस हजार व्होल्टची उसळी येते. ती मधल्या जाड वायरने डब्याच्या टोपणात येते, आत फिरणारा रोटर ती पाळीपाळीने चार प्लगांना वाटतो. पॉइंटला जोडलेली छोटी डबी म्हणजे कंडेन्सर. पॉइंट उघडताना करंट तिथेच ठिणगी होऊन जळू नये, चटकन तुटावा, यासाठी तो असतो. तो बिघडला म्हणजे व्हॉल्व्ह हळूहळू बंद केल्यासारखे होते, दणका बसतच नाही. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेते तेव्हा हे पॉइंट मिनिटाला चार हजार वेळा उघडतात. मग सगळ्यात आधी तेच झिजतात यात नवल नाही.

गाडी बंद पडली की आधी ती कशी बंद पडली हे आठवावे. चावी बंद केल्यासारखी एकदम गप्प झाली असेल तर बहुधा करंटचा दोष. आचके देत, खोकत, ओढ कमी होत बंद पडली असेल तर बहुधा पेट्रोलचा. हा नियम शंभर टक्के खरा नव्हे, पण कोठून सुरुवात करायची ते यावरून ठरते.

नंतर बॅटरी. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे विझत आले आणि सेल्फ रेंगाळला, तर ठिणगीचा विचार नंतर करावा. सेल्फच सगळा करंट ओढून घेतो आणि कॉइलला काही उरत नाही. बॅटरी उतरली असेलच असे नाही. पुष्कळदा टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरलेली असते, किंवा बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी सैल असते. भुकटीवर गरम पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा ओतावा, टर्मिनल घासून घट्ट बसवावे. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. अर्थची पट्टी मात्र लोक विसरतात, आणि चांगली बॅटरी दुकानात नेऊन परत आणतात.

बॅटरी खरोखरच उतरली असेल तर जीपला हँडल आहेच. पण हँडल मारताना काळजी घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरते आणि अंगठा किंवा मनगट मोडते. हे काम पोराबाळांकडे देऊ नये.

बॅटरी ठीक असेल तर आता मुख्य परीक्षा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या मधोमध जी जाड वायर कॉइलकडून येते, ती टोपणातून काढावी. कोरड्या लाकडी चिमट्यात धरून तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून पाव इंचावर ठेवावे, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. जाड, निळसर ठिणगी टकटक आवाज करीत उडाली, तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर तिघेही ठीक आहेत. बारीक, पिवळी, मधूनच उडणारी ठिणगी म्हणजे त्या तिघांत कोणीतरी कमजोर आहे. काहीच नाही, तर तिकडे करंट पोचतच नाही.

ही परीक्षा घेण्याआधी इंजिनावर कोठे पेट्रोल गळत नाही ना, हे पाहावेच. कार्बुरेटरजवळ ठिणगी पाडू नये. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. आणि वायर लोखंडापासून फार लांब धरू नये. ठिणगीला उडी मारायला जागा मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडते.

समजा ठिणगी जोरकस आली, तरी गाडी घेत नाही. मग दोष टोपण, रोटर, वायरी किंवा प्लग यांत आहे. टोपण काढून आतून-बाहेरून उजेडात धरा. पावसाळ्यात त्यात दंव धरते. कोरड्या सुती कापडाने पुसले की निम्म्या गाड्या तिथेच चालू होतात. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर ती करंटने पाडलेली वाट समजावी. घासून ती जात नाही, टोपण बदलावे लागते. टोपणाच्या मधोमध कार्बनचा छोटा खिळा असतो, तो स्प्रिंगवर मागे-पुढे हलला पाहिजे. रोटरचीही एक परीक्षा आहे. तो जागेवर ठेवून मधली जाड वायर त्याच्या पितळी पट्टीपासून थोडी वर धरावी, चावी चालू करावी, आणि पॉइंट कोरड्या काडीने उघड-झाक करावेत. ठिणगी रोटरवर उडू लागली तर रोटर आतून फुटला आहे, करंट त्याच्यातून सरळ खाली दांड्यात जातो.

वायरी एकदम सगळ्या काढू नयेत. प्रत्येकीला खूण करावी. जीपच्या इंजिनात पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा, आणि ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. रोटर कोणत्या बाजूने फिरतो ते हँडल फिरवून बघावे आणि त्याच दिशेने या क्रमाने वायरी लावाव्यात. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी सायलेन्सरमधून फटाके उडवते.

आता दुसरी बाजू. मधल्या वायरीला ठिणगी नाही. इथे आपला दिवा कामाला येतो. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्यावा, त्याला दोन हातभर वायरी डाखून घ्याव्यात, टोकांना चिमटे लावावेत. झाला टेस्ट लॅम्प. काही फार जुन्या जीपांना सहा व्होल्टची बॅटरी असते, त्यांना सहाचा बल्ब. बॅटरीची कोणती बाजू चासीला जोडली आहे याच्याशी या दिव्याला देणेघेणे नाही. जुन्या गाड्यांत दोन्ही प्रकार असल्याने ही मोठी सोय आहे.

दिव्याचा एक चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावा. चावी चालू करा. कॉइलवर दोन बारीक टर्मिनल असतात, जुन्या कॉइलवर त्यांच्यापाशी ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे कोरलेली दिसतात. एसडब्ल्यू म्हणजे चावीकडची बाजू, सीबी म्हणजे पॉइंटकडची. आधी एसडब्ल्यूला दिवा लावा. पेटला नाही तर बॅटरीकडून करंटच येत नाही. चावीचा स्विच, ॲमीटरचे नट, मधली वायर पाहा. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीची वायर उंदीर बहुधा इथेच खातो. रस्त्यात असाल तर बॅटरीपासून एसडब्ल्यूला एक सुटी वायर जोडून घरापर्यंत येता येते. पण मग गाडी चावीने बंद होणार नाही, ती वायर काढूनच बंद होईल, आणि ती काढायला विसरलात तर कॉइल जळेल.

एसडब्ल्यूला दिवा पेटला तर तो सीबीला लावा आणि हँडलने इंजिन सावकाश फिरवा. पॉइंट उघडे असताना दिवा पेटला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. असा तो उघड-झाक करत असेल तर पॉइंटपर्यंतचे काम बरोबर आहे. मग ठिणगी का नाही? तर बहुधा कंडेन्सर किंवा कॉइलचे बारीक वेढे. सीबीला दिवा सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही त्यांच्यात मळ आहे, किंवा कॉइलपासून पॉइंटपर्यंतची वायर तुटली आहे. आणि दिवा अजिबातच पेटला नाही तर कॉइलवरची पॉइंटकडे जाणारी वायर सोडवून पुन्हा सीबीला दिवा लावून पाहा. आता पेटला, तर डब्यात कोठेतरी शॉर्ट आहे : कंडेन्सर आतून चिकटला असेल, नाहीतर छोटी वायर डब्याला घासत असेल. तरीही पेटला नाही तर कॉइलचे जाड वेढेच तुटले आहेत. एवढे कळल्यावरच नवी कॉइल आणायला तालुक्याला जावे, आधी नाही.

डब्यातल्या त्या छोट्या वायरीबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण ती फार फसवते. वरचे आवरण साबूत असते आणि आतली तार हादऱ्यांनी तुटलेली असते. उभ्या गाडीत टोके एकमेकांना टेकतात, दिवा पेटतो, गाडी चालू होते. खड्ड्यात आदळली की बंद. मालक म्हणतो, गाडीला नजर लागली. चिमट्याने ती वायर हळूच ओढून पाहावी. रबरासारखी ताणली गेली तर आत तार नाही असे समजावे.

आता पॉइंट. ते वाकवून धरले की दोन्ही तोंडे दिसतात. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला, तर करंट तिथे जळतो आहे. कंडेन्सरकडे संशयाने पाहावे. बारीक कानसेने उंचवटा घासून काढावा, खड्डा पूर्ण जाण्याची गरज नाही. मग पेट्रोलमध्ये किंचित भिजवलेल्या स्वच्छ कापडाच्या पट्टीने तोंडे पुसावीत आणि ती वाळू द्यावीत. नुसता काचपेपर फिरवून तसेच सोडले तर त्याची रेती मध्ये राहते आणि दिवा काही विझत नाही. फट पाहण्याआधी इंजिन असे फिरवावे की पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंच कोपऱ्यावर येईल. जीपला या ठिकाणी ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर फट हवी. मिस्त्री याला वीस थाऊ म्हणतात. जुन्या अँबॅसिडरला ती चौदा ते सोळा थाऊ असते. फिलर गेज विकत घ्यावे, ते महाग नसते. पण रस्त्यात काहीच नसेल तर दाढीचे पाते सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचे असते. अशी पाच पाती एकावर एक धरली की जीपची फट होते. बोटे मात्र सांभाळा, आणि पाती तेलकट असू देऊ नका.

टाच झिजत जाते तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी घाटात ओढत नाही, तापते, पेट्रोल जास्त खाते. लोक कार्बुरेटर खोलून बसतात. म्हणून कॅमला मोहरीएवढे ग्रीस लावावे, त्याहून जास्त नको. ते उडून पॉइंटवर गेले की नवे दुखणे सुरू होते. फट नीट केल्यावरही ओढ आली नाही तर टाइमिंग पाहावे. ते बसवण्याचे काम जाणत्या फिटरकडून करून घेतलेले बरे.

सगळ्यात चकवणारा दोष म्हणजे गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी. सकाळी छान निघते, अर्ध्या तासाने बंद, तासभर थांबली की पुन्हा चालू. मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती बरी झालेली असते. अशा वेळी गार होण्याची वाट पाहू नका. बंद पडली त्याच क्षणी बोनेट उघडून मधल्या वायरीची ठिणगी पाहा. ठिणगी नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. आधी कंडेन्सर बदलून पाहावा, तो स्वस्त असतो. ठिणगी असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला आहे, उन्हाने नळीत वाफ धरली असेल. एक सवय मात्र घरात सर्वांना लावावी : गाडी उभी असताना चावी चालू ठेवायची नाही. पोरे टेप ऐकत बसतात, नेमके पॉइंट मिटलेले असतात, आणि कॉइल तासभर भाजत राहते.

प्लगबद्दल थोडक्यात. इंजिन मंद चालू असताना एकेक प्लगची वायर लाकडी चिमट्याने काढून पाहावी. जिच्या काढण्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. प्लगचे टोक कोरडे आणि तपकिरी असेल तर उत्तम. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे रिंगा झिजल्या, पांढरे फटक म्हणजे इंजिन तापते आहे. जीपला प्लगची फट तीस थाऊ, पाऊण मिलिमीटर.

अलीकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले पुष्कळसे आपल्याच उसाचे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार! पण या मिश्रणाने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मऊ पडतात, चिरतात. आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ते हवेतले पाणी ओढते, पाणी टाकीच्या तळाशी बसते. ठिणगी ठीक, पेट्रोल भरलेले, तरी गाडी घेत नाही, असे झाले तर तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे. नळ्या मात्र वेळेवर बदलाव्यात. गळते पेट्रोल आणि ठिणगी एका बोनेटखाली ठेवून झोप कशी लागेल?

पावसाळ्यात ओढा ओलांडायचा असेल तर आधी पंख्याचा पट्टा काढण्याची जुनी रीत चांगली आहे. फिरता पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवतो. पलीकडे गेल्यावर पट्टा चढवायला विसरू नये, नाहीतर इंजिन तापेल. आणि पाण्याचा अंदाज नसेल तर गाडी घालूच नये.

ज्यांच्याकडे पेट्रोलवरचा फवारणी पंप आहे त्यांच्यासाठी एक वाक्य : त्याला बॅटरी नसते, चाकातल्या मॅग्नेटोवर ठिणगी पडते, आणि ती नाहीशी झाली तर प्रथम बंद करण्याच्या बटनाची वायर सोडवून बघा, तीच बहुधा घासून लोखंडाला लागलेली असते.

गाडीत एका डब्यात पॉइंटचा एक जोड, एक कंडेन्सर, एक रोटर, टेस्ट लॅम्प, फिलर गेज, बारीक कानस आणि कोरडे फडके कायम ठेवावे. फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, पावसात तेच लागते. नवा कंडेन्सर आणला की तसाच डब्यात टाकू नका. बाजारात मिळणारे सगळे चांगले निघतात असे नाही. तो आधी गाडीला लावून आठ दिवस चालवा, आणि चालत असलेला जुना काढून डब्यात ठेवा.